बोटं चांगली आहेत तुमची

माझा हात त्यानं पेन्सिलीनं उचलला.

टेबलावर लाकडी पाटी होती, भोकं पाडलेली. त्या भोकांत पितळेच्या बारीक पिना चिमट्यानं बसवायच्या होत्या. माझ्या बसवून झाल्या होत्या, बाजूच्यांचं अजून चाललं होतं. तो घड्याळ बंद करून माझ्यापाशी आला, पेन्सिल माझ्या मनगटाखाली घातली आणि हात वर केला. रस्त्यात मेलेलं पाखरू काडीनं उलटून बघतात, तसा.

"सगळ्यांनी इकडे बघा," तो म्हणाला. "ही बोटं बघा. वडील काय करतात तुमचे?"

"लकडगंजात आरामशीनवर आहेत. लाकडं उचलतात."

"आणि आई?"

"बिड्या वळते."

"विड्या," त्यानं सुधारून दिलं. मग वर्गाकडे वळला. "बघितलंत? हे शिकवून येत नाही. हे रक्तातून येतं. पिढ्यानपिढ्या हातानं काम केलेल्या माणसांची बोटं अशी चालतात. बोटं चांगली आहेत तुमची."

वर्ग माझ्या बोटांकडे बघत होता. नागपूरच्या चांगल्या कॉलेजांतली मुलं-मुली. पेन्सिल अजून मनगटाखालीच होती. हात खाली घ्यावा की तसाच ठेवावा, मला कळेना. मी तसाच ठेवला.

माझ्या आईनं मला कधी तेंदूपत्त्याला हात लावू दिला नव्हता. मी सुपाजवळ बसले की ती हाकलायची. "ऊठ. तुह्यं काम नाही हे. पुस्तक घे." एक बिडी वळून दाखव म्हटलं असतं तर मला वळता आली नसती. हे मला सांगायचं होतं. सांगितलं नाही.

मी त्याला सर म्हणायचे. इथं म्हणणार नाही.

ते होतं विद्यापीठाच्या आवारातलं मार्गदर्शन केंद्र. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना कॉलेजं तिकडे पाठवायची. शनिवारी चाचण्या व्हायच्या. डोक्याची वेगळी, हाताची वेगळी, आवडीनिवडीची वेगळी. मग तो एकेकाला खोलीत बोलवून सांगायचा, तू काय हो आणि काय होऊ नको. तो त्या केंद्राचा मुख्य. परदेशात शिकून आलेला. आवाज कधी चढायचा नाही. शिवी द्यायचा नाही. जात विचारायचा नाही. वडील काय करतात, एवढंच विचारायचा.

मला गणितात एम.एस्सी. करायचं होतं. दुसरं काही डोक्यात नव्हतं. आम्ही कामठीचे. घरात एक खोली, तिच्यात माय दिवसभर बिड्या वळायची, भिजल्या पानाचा वास कपड्यांना लागलेला असायचा. मी त्या वासात बसून गणितं सोडवत मोठी झाले. माझा बाप धम्मदीक्षेच्या वेळी मला खांद्यावर घेऊन नागपूरला पायी आला होता. मला त्यातलं काही आठवत नाही, फार लहान होते. पण बापानं ते मला इतक्या वेळा सांगितलं होतं की आपण शिकायचं, हे मला कोणी वेगळं शिकवावं लागलं नाही.

दुपारी डोक्याची चाचणी झाली. आकृत्यांची रांग असायची आणि पुढची आकृती कुठली ते ओळखायचं. आकड्यांची रांग, पुढचा आकडा कुठला. मला मजा वाटली. खरंच सांगते, सकाळचं सगळं मी त्या तेवढ्या वेळात विसरून गेले. माझ्या बाजूला वसुधा होती, आमच्याच वर्गातली, प्रतापनगरला राहणारी. ती मधेच थांबून छताकडे बघायची. मी थांबले नाही.

पुढच्या आठवड्यात त्यानं आम्हाला परत बोलावलं. गुण सांगायला. एकेकाचं नाव घेऊन सांगत होता. माझ्यापाशी आला आणि थांबला.

"तुम्ही कुणाच्या शेजारी बसला होता?"

मी वसुधाकडे बघितलं. त्यानंही बघितलं.

"हं," तो म्हणाला. "तुमची तर्काची चाचणी पुन्हा घ्यावी लागेल. पुन्हा बसा."

"काहून?" माझ्या तोंडून गेलं.

वर्ग हसला. मागून कोणीतरी माझी नक्कल केली, "काहून!" परत हसले. तोही थोडा हसला, ओठ मिटून.

"का, असं म्हणतात," तो म्हणाला. "तर का? कारण हे गुण तुमच्या पार्श्वभूमीशी जुळत नाहीत. माझा आरोप नाही काही. शास्त्र आहे. शंका आली की पुन्हा मोजायचं."

वसुधाचे गुण माझ्याहून कमी होते. त्यानं स्वतःच ते जरा आधी वाचून दाखवले होते. तिच्याकडे बघून मला जास्त गुण कसे मिळाले असतील? वर्गातल्या एवढ्या हुशार डोक्यांपैकी एकालाही हा प्रश्न पडला नाही. वसुधाला पडला असेल. ती मान खाली घालून साडीचा पदर नीट करत बसली.

सगळे गेले. मला एकटीला खोलीत बसवलं. त्यानं दार ओढून घेतलं, बाहेरून कडी लावली. "म्हणजे कोणी त्रास देणार नाही," म्हणाला. खिडकीच्या काचांना पांढरा रंग दिलेला होता, बाहेरचं काही दिसत नव्हतं. माझा घाम कागदावर पडत होता. आकृत्या वेगळ्या होत्या, पण रीत तीच होती. मी सोडवल्या. चुकायला पाहिजे, असं एकदा मनात आलं. चुकले तर हा सोडेल, घरी जाऊ देईल. पण हात चुकीचं लिहायला तयार होईना.

त्यानं माझ्यासमोरच तपासलं. गुण पहिल्यापेक्षा वर गेले होते.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आता काय म्हणेल? चुकलो म्हणेल? एवढ्या मोठ्या माणसाकडून माफी मागवायची नव्हती मला. फक्त "बरोबर आहे" एवढं म्हटलं असतं तरी मी उड्या मारत कामठीला गेले असते.

"दुसऱ्यांदा दिली की सरावानं गुण वाढतातच," तो म्हणाला. "हे धरता येत नाहीत."

मी उभीच राहिले. मला त्याचं बोलणं समजायला वेळ लागला. पहिल्यांदा जमलं तर नक्कल. दुसऱ्यांदा जमलं तर सराव. जमलं नसतं तर मग काय, तेच खरं. मी कुठूनही गेले असते तरी त्याच जागी येऊन पोचले असते.

"हाताची चाचणी मात्र उत्तम," तो म्हणाला. "ती पुन्हा घ्यायची गरज नाही."

एम.एस्सी.ला माझी शिफारस नाही, असं त्यानं सांगितलं. शिफारस म्हणजे काय, तिच्याशिवाय काय होतं, हे मी विचारलं नाही. विचारायचं सुचलंच नाही. विद्यापीठातला माणूस शिफारस नाही म्हणतो, म्हणजे प्रवेश नाही, एवढंच मी समजले. घरी तेच सांगितलं.

बाप दुसऱ्या दिवशी कामावरून परस्पर केंद्रात आला. अंगावर लाकडाचा भुसा तसाच. मी बापाच्या मागे उभी. त्याच्या खोलीत वाळ्याचा कूलर होता, गारेगार वास येत होता. समोर दोन खुर्च्या होत्या. बाप बसला नाही, बस म्हणून कोणी म्हटलंही नाही.

"साहेब, पोरीले गणिताचा लई नाद आहे," बाप म्हणाला. हात जोडलेले होते. "काही होत असन तर पाहा."

"हे बघा," तो फार मायेनं बोलला. "मुलगी चांगली आहे. म्हणूनच सांगतो. झेपत नसताना वर ढकललं की मुलं मोडतात. मी पाहिलेत असे. घरात बसून भिंतीशी बोलणारे. तुम्हाला तसं हवंय?"

बापाचा चेहरा पांढरा पडला.

"तिला मी इथंच काम देतो. चाचणी सहायक म्हणून. पाट्या मांडायच्या, घड्याळ धरायचं, मुलांना दाखवायचं कसं करायचं ते. बोटं चांगली आहेत तिची."

बाप त्याच्या पाया पडला. माझ्या डोळ्यांदेखत. मी अडवलं नाही. कसं अडवू? विद्यापीठात नोकरी. आमच्या गल्लीत कोणाच्या घरी अशी नोकरी नव्हती.

त्या रात्री जेवताना बाप खूश होता आणि भ्यालेलाही होता. सारखा माझ्याकडे बघत होता, मी भिंतीशी बोलते का ते.

"मोठ्या माणसानं सांगितलं तर ऐका लागते ना वं," तो मला म्हणाला. "त्यायच्यापाशी डोकं मोजाचं साधन आहे."

"साधन काय पोट्टीच्या डोक्यात शिरून पाह्यते काय?" माय म्हणाली.

"तुले काय समजते त्यातलं? गप राह्य."

माय गप राहिली. मीही राहिले.

निकाल लागला, मला पहिला वर्ग मिळाला. वसुधालाही. ती एम.एस्सी.ला गेली आणि मी केंद्रात रुजू झाले. वसुधा मला आवारात दिसायची, हातात जाड पुस्तकं घेतलेली. एकदा थांबली. "बरं आहे ना गं तुझं? नोकरीच लागली डायरेक्ट." मी हो म्हटलं. ते पुस्तक कुठलं, हे विचारायला जीभ उचलली होती. पण ती घाईत होती.

माझं काम त्यानं सांगितलं होतं तेच. आणि त्यानं न सांगितलेलं एक. प्रत्येक बॅचच्या सुरुवातीला तो मला पाटीपुढे बसवायचा. मी पिना लावायची. तो घड्याळ धरायचा. मग म्हणायचा, "आता बघा. या बाईंचे वडील हमाल, आई विड्या वळते. यांना विद्यापीठात कोणी ठेवलं असतं? पण योग्य मार्गदर्शन मिळालं, योग्य जागी आल्या. आज किती समाधानी आहेत. आहात ना?"

"हो सर."

दर शनिवारी. कधी बाहेरगावचे प्राध्यापक यायचे, त्यांच्यासमोरही. मी हो सर म्हणायची. गोड हसायची सुद्धा. आपण हसतो आहे, हे मला नंतर बसमध्ये कळायचं, गाल दुखायला लागले की. घरी बाप विचारायचा, "कसं चालून राह्यलं?" मी म्हणायची, चांगलं. ज्याच्यापाशी रडावं, तोच सगळ्या कामठीला सांगत फिरत होता, माझी पोरगी युनिव्हर्सिटीत आहे.

गणित मी सोडून दिलं होतं. वह्या मायनं फळीवर ठेवून दिल्या. एकदा काढून बघितलं तर मलाच माझं लिहिलेलं ओळीनं कळेना. मी घाबरले. मला वाटलं, तो बरोबर होता. बघ, झेपलं नसतंच. दुसऱ्यानं आपल्याला छोटं म्हणणं निराळं. आपण आतून त्याला हो म्हणायला लागणं, त्याच्यासारखी वाईट गोष्ट मी पाहिली नाही. त्या दिवसांत मी पूर्ण हो म्हणून मोकळी झाले होते.

मग मनोहर आला.

थंडीतली बॅच होती. मनोहर सडपातळ, स्वच्छ धुतलेला शर्ट घातलेला, बापाचं काम विचारल्यावर मान वर करून म्हणाला, "रेल्वेत सफाईवर आहेत." पिना त्याला जमल्या नाहीत. चिमट्यातून सारख्या पडत होत्या. तर्काची चाचणी मात्र त्यानं अशी सोडवली की घड्याळ धरून मी बघत राहिले. बेंचवर तो एकटा होता. त्याच्या आजूबाजूला कोणी नव्हतं. मीच त्याला तिथं बसवलं होतं.

पुढच्या शनिवारी गुण सांगताना तो मनोहरपाशी थांबला. मला त्याचं थांबणं ओळखीचं होतं.

"तुमची तर्काची चाचणी पुन्हा घ्यावी लागेल," तो म्हणाला. "पुन्हा बसा." मग मला म्हणाला, "बाई, तुम्ही यांच्यासोबत खोलीत बसा आणि नजर ठेवा. नक्कल कशी करतात तुम्हाला माहीत आहे."

असं म्हणाला. तुम्हाला माहीत आहे.

मनोहरनं माझ्याकडे बघितलं. आशेनं नाही. भीतीनं. मी त्यांच्यातली होते त्याच्यासाठी. माझ्या हातात घड्याळ होतं.

"सर, हे एकटेच बसले होते," मी म्हणाले. "मी इथंच होते."

"ठीक आहे. तरी पुन्हा घेऊ."

"काहून?"

या वेळेस ते तोंडातून निसटलं नव्हतं. मी ठरवून म्हटलं. कोणी हसलं नाही.

"शंका आहे म्हणून."

"यांच्यावरच काहून? बसवायचं तर सगळ्यांना बसवा. सगळ्यांची पुन्हा घ्या."

पुढच्या बेंचवरची एक मुलगी पटकन बोलली, "आम्हाला कशाला? आम्ही काय केलं?"

"यानं काय केलं?" मी विचारलं.

ती वहीत बघायला लागली. त्याचा चेहरा तसाच शांत होता. फक्त कान लाल झाले होते.

"बाई, तुम्हाला इथं पिना लावायला ठेवलंय. विचार करायला नाही."

"मी पिना लावणार नाही," मी म्हणाले. "नजरही ठेवणार नाही."

धीट वगैरे काही नव्हते मी. मी मनोहरकडे वळले आणि म्हणाले, "तुमचं सगळं बरोबर आलं आहे. मी बघितलं आहे. पुन्हा बसू नका."

मनोहर उभा राहिला. मला वाटलं, आता हा माझ्यासोबत बाहेर येईल.

"जाऊ द्या ताई," तो हळूच म्हणाला. "मी बसतो. शिफारस पाहिजे ना मले."

आणि गेला खोलीत. स्वतःच्या पायांनी. दार त्यानंच लोटून घेतलं.

मला त्याचा राग आला नाही. तो मीच होते की. मी घड्याळ टेबलावर ठेवलं आणि बाहेर पडले. मनोहर त्यानंतर मला कधी दिसला नाही. त्याचं काय झालं, मला माहीत नाही.

घरी सांगितलं तेव्हा बाप आधी समजलाच नाही. मग त्यानं ताट सरकवलं.

"काहून सोडलं? मारलं तुले? शिवी देल्ली?"

"नाही."

"मंग?"

मी त्याला सगळं सांगितलं. पेन्सिलीपासून. दर शनिवारचं. वडील हमाल, आई विड्या वळते, आज किती समाधानी आहेत. तो ऐकत होता तसा लहान लहान होत गेला. पण शेवटी म्हणाला ते हेच, "म्या त्याच्या पाया पडलो होतो वं. तुह्या नोकरीसाठी." आणि उठून बाहेर गेला. कित्येक महिने तो माझ्याशी बोलला नाही. माझ्या बाजूनं झाला, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही.

सोमवारी मी गणित विभागात गेले. तिथल्या कारकुनाला विचारलं, केंद्राची शिफारस नसेल तर प्रवेशाचं काय करता येईल, कोणाला भेटावं लागेल. त्यानं माझे गुण विचारले. मी सांगितले.

"मंग अडचण काय आहे?" तो म्हणाला.

"शिफारस नाही."

"कायची शिफारस? इथं मार्कावर प्रवेश होते. त्या केंद्राचं इथं काय काम? जूनमध्ये या, होऊन जाईन."

मी काउंटरला धरून उभी राहिले. तो विचारत होता, पाणी पाहिजे काय बाई. मला कोणी अडवलंच नव्हतं. कुठला नियम नव्हता, कुठला कायदा नव्हता. एका माणसानं मला सांगितलं होतं, की मी कोण आहे. आणि मी, माझा बाप, आम्ही ते ऐकलं होतं. माझं एक वर्ष, मनोहरचं बंद दार, बापाचं पाया पडणं, सगळं त्या एका ऐकण्यातून आलं होतं.

अशी अजून किती मुलं त्याचं ऐकून घरी गेली असतील? कोणाचे बाप कुठं कुठं वाकले असतील?

त्या शनिवारी मी केंद्राबाहेरच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. मुलं येत होती. कपड्यांवरून, चपलांवरून, नुसतं दारापाशी थबकण्यावरून मला आमची मुलं ओळखू येत होती. एकेकाला गाठून मी सांगितलं. गणित असो, कायदा असो, काही असो, प्रवेश मार्कावर होतो. याच्या शिफारशीची गरज नाही. तो पुन्हा बसा म्हणाला तर बसू नका. काही ऐकत होते. काही घाबरून बाजूनं निघून जात होते. एका मुलानं मला विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हणाले, "याच्या परीक्षेत दोनदा पास झालेली."

तो बाहेर आला.

"तुम्ही इथं काय करताय?"

"मुलांना मार्गदर्शन करून राहिली," मी म्हणाले.

"मी कुलसचिवांकडे तक्रार करीन. तुमचा प्रवेशही होणार नाही. कळतंय का?"

"करा. मले बोलावतील तर मी येईन. सगळं सांगीन. तुम्ही समोर बसा."

तो आत गेला.

जूनमध्ये मी प्रवेश घेतला. मागे पडलेलं वर्ष भरून निघालं नाही, निघणारही नाही. ते मी माफ केलेलं नाही. शनिवार मात्र सोडला नाही. एम.एस्सी. होईपर्यंत गेले, शाळेत नोकरी लागल्यावरही गेले. आता त्याच्या जागी दुसरा आला आहे. त्याचाही आवाज चढत नाही. तोही विचारतो, वडील काय करतात.

विचारू दे. जोवर तो आत विचारतो आहे तोवर मी बाहेर उभी राहणार. एकही मूल मला न भेटता आत जाणार नाही.